गुऱ्हाळावरचे इंग्रजी शब्द

सुजातानं निकालाचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सर, तीन हजार शब्द पाठ आहेत. कुठलाही विचारा."

मी वीसेक विचारले. एकही चुकला नाही. कागदावरचे मार्क मात्र लाज वाटावी असे होते.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. अमेरिकेत एम.एस.ला जाणाऱ्यांसाठी जी प्रवेश परीक्षा असते, तिच्या इंग्रजीचा क्लास मी राजारामपुरीत चालवायचो. त्यात वर्तमानपत्रातही सहसा न दिसणारे अवघड शब्द विचारत. माझी 'लिस्ट' गावात प्रसिद्ध होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एका शब्दात मराठी अर्थ. पोरं झेरॉक्स काढून काढून तिचा भुगा करत. मला तिचा फार अभिमान होता.

सुजाता मेकॅनिकलची, कसबा बावड्याची. वडिलांचं उसाचं गुऱ्हाळ. पुन्हा परीक्षेला बसायला एकच संधी उरली होती, कारण त्यानंतर अर्जांची मुदत संपत होती. वडिलांनी सांगून टाकलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर इथंच नोकरी बघायची.

मी तिच्या चुका काढून बसलो. वाक्यात गाळलेली जागा, खाली पाच शब्द, नेमका निवडायचा. तिनं एका ठिकाणी 'पेट्युलंट' निवडला होता, हवा होता 'इंडिग्नंट'. मी माझी लिस्ट उघडली. दोन्हीपुढे लिहिलं होतं, 'रागावलेला'. 'इरेट'पुढेही तेच. अशा अकरा शब्दांना मी एकच अर्थ चिकटवला होता. पोरीनं माझं अगदी तंतोतंत पाठ केलं होतं.

रविवारी बावड्याला गेलो. परीक्षा पुढच्या वर्षावर टाका, असं वडिलांना सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी रसाचा तांब्या हातात दिला आणि विषय काढायचं माझं धाडस होईना. समोर मोठ्या काहिलीत रस कढत होता. बाजूला बंडूमामा उभे होते. ते गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "छान उकळतंय."

"उकळून तास झाला, सर," मामा माझ्याकडं न बघताच म्हणाले. "आता रटरटतंय. खदखदाय लागलं की मग बगायचं."

"एकच की ते."

"एकच कसं? आवाज ऐका की. उकळताना बुडबुडा बारका, लगेच फुटतोय. आता बगा, मोठा हुतोय, दमानं फुटतोय. ह्यात चुकलं तर अख्खी काहील वाया जाती."

मी सुजाताकडं बघितलं. "तुला कळतो हा फरक?"

"व्हय की, सर. लहानपणापासनं."

मी तांब्या खाली ठेवला. वडिलांना जे सांगायला आलो होतो ते सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून लिस्ट बंद. कार्डाच्या मागे मराठी अर्थ लिहायचा नाही, माणूस लिहायचा, असा नियम केला. तो शब्द तुझ्या माहितीत कुणाला आणि कधी लागू पडतो ते सांग. पहिले दोन दिवस ती वैतागली. मग सुटलीच. 'पेट्युलंट' म्हणजे हळदीकुंकवाला शेवटी बोलावलं म्हणून गाल फुगवून बसलेली धाकटी आत्या. 'इरेट' म्हणजे ऐन वेळी गुऱ्हाळाचं इंजिन बंद पडल्यावरचे तिचे वडील, आप्पा. 'इंडिग्नंट' म्हणजे सौद्यात व्यापाऱ्यानं चांगल्या गुळाला दोन नंबरचा म्हटल्यावरचे बंडूमामा. कार्डं दाखवताना ती हसायची आणि मला मनातून शरम वाटायची, कारण इतकी वर्षं मी हे केलं नव्हतं.

सहा आठवड्यांत जेमतेम सातशे शब्द झाले. बाकीचे राहिले. परीक्षेच्या सकाळी मलाच जेवण गेलं नाही.

मार्क आले. डोळे दिपावेत असे नव्हते, पण तिला हव्या त्या दोन विद्यापीठांना पुरेसे होते. त्यातल्या एकानं घेतलं. ऑगस्टमध्ये ती गेली.

मी क्लासच्या दारात तिचा मोठा फोटो लावला. खाली माझं नाव, जरा ठळक. आप्पा गुळाची ढेप घेऊन आले. त्यांनी फोटो बघितला, खालचं नाव वाचलं.

"फोटो चुकलाय, सर," ते म्हणाले. "पोरीच्या शेजारी बंडूचा पायजे हुता."

मी हसण्यावारी नेलं. फोटो लावला नाही. पुढं नवी लिस्ट छापली, एका अर्थाऐवजी एकेक प्रसंग घालून, आणि तीही खूप खपली. तिच्यावरसुद्धा नाव माझंच होतं. बंडूमामांना मी एक प्रत नेऊन दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि काहिलीवरची नजर न काढता म्हणाले, "ठेवा तिथं, हात चिकट हायत."