पायदान नसलेली जीप

"भाऊजी, हे जीपमंदी चढून नाई राह्यले... या ना लवकर!"

दुपारचे तीन वाजले होते. बोरगाव मेघेच्या माझ्या दुकानात एका बंगल्याच्या फाटकावर मी लोखंडी वेल बसवत होतो, आणि फोनवर कुसुमवहिनी एवढंच बोलल्या. काय झालं, कुठे झालं, काही नाही. त्यांच्या नवऱ्याच्या, दिगूच्या छातीत कळ आली होती हे मला नंतर समजलं. पण ती जीप किती उंच आहे हे मला तिथल्या तिथे, कानाला फोन असतानाच, इंचाइंचाने ठाऊक होतं. ती उंच केली होती मीच. शेजारच्या किराणावाल्याची गाडी मागून घेतली आणि पवनारच्या रस्त्याने सुटलो. दिगूच्या शेताची पांदण, म्हणजे कच्ची गाडीवाट, जिथे डांबरी रस्त्याला लागते तिथेच जीप समोरून आली. शेजारच्या शेतातले दोघे धावून आले होते. एक चालवत होता, दुसरा मागे दिगूचे पाय धरून बसला होता, आणि दिगूचं डोकं वहिनींच्या मांडीवर. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि चष्मा काढला. शाळेपासून एका बाकावर बसलेला माझा दिगंबर, आमचा दिगू, संपला होता. त्याला आता महिना होऊन गेला.

या पुरवणीच्या वाचकांना दिगू पत्रांमुळे माहीत असेल. दर पावसाळ्यात पांदण रस्त्यांवर त्याचं एक कडक पत्र इथे छापून यायचं. म्हणून तर 'तुम्ही त्यांचे जुने मित्र, चार शब्द लिहा' असा निरोप मला आला. मी तीन वेळा लिहायला बसलो आणि तीन वेळा कागद फाडला, कारण तो किती दिलदार, किती हसरा, असलं काही लिहायला लागलो की माझाच मला राग यायचा. दिलदार होता, हसरा होता, सगळं खरं. पण मला जे लिहायचं आहे ते दुसरंच आहे, आणि आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

तर ती जीप. दिगूच्या वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली, आमच्या दोघांच्याही दाढी-मिशांच्या आधीची. छत कापडी, दार नाही, आणि बसणाऱ्याच्या हाडाहाडाची ओळख करून देणारी. पण ती चालवायच्या कुसुमवहिनी! दिगूनेच लग्नानंतर त्यांना शिकवलं, आणि मग तो आयता बाजूला बसू लागला. पदर खोचलेल्या वहिनी जीप घेऊन बाजाराला निघाल्या की बसथांब्यावरची माणसं उभी राहून पाहायची. मीही कितीदा मागे बसून गेलोय. "भाऊजी, धरून बसा बरं, गड्डा आहे!" असं त्या म्हणायच्या तोवर गड्डा मागे गेलेला असायचा आणि माझं डोकं छताच्या दांडीवर आपटलेलं असायचं.

अडचण एकच, पांदण. आमची काळी माती ज्याने पावसात पाहिली नाही त्याला ती कळणार नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चर पडतात, मधे मातीचा उंचवटा राहतो, आणि जीपचं पोट त्या उंचवट्यावर टेकलं की चारही चाकं नुसती फिरत राहतात. दिगूची जीप दर सावनात एकदा तरी अशी बसायची आणि दर वेळी बैलं जुंपून ओढावी लागायची. यंदा पावसाच्या सुरुवातीलाच असाच चिखलाने माखून तो माझ्या दुकानी आला आणि म्हणाला, "हे सरकार रस्ता काई उंच करत नाई बे. आपणच जीप उंच करू." आयुष्यभर पत्रं लिहून थकलेल्या माणसाचं ते वाक्य होतं. मला मात्र ऐकूनच हात शिवशिवले.

आठ दिवस त्या जीपला माझ्या दुकानात साखळीच्या कप्पीवर टांगलं. वर्ध्यातला एक जुना मिस्त्री येऊन सांगून जायचा, करायचो आम्ही दोघं. चाकांचा जो आडवा एक्सल असतो, त्याच्या खाली कमानीचे पाटे बांधलेले होते. ते सोडवले आणि एक्सलच्या वर बसवले. झालं, एवढ्यानेच जीप पाच इंच उचलली गेली. मग लांब शॉकअप आले, ब्रेकचे रबरी पाइप तोकडे पडायला लागले म्हणून ते बदलले, आणि नागपूरहून दिगू चिखलाचे टायर घेऊन आला, हे एवढाले, जाड गट्टूंचे, त्यांनी आणखी दोन इंच वाढले. ते स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला घासायचे, म्हणून मी मडगार्ड कापून त्याला अशी गोल कड काढून दिली की बघतच राहावं. साठी उलटलेले दोघं, कपाळाला ग्रीस, वहिनींनी पाठवलेला डबा हात न धुता खातोय... इतकं सुख मला मुलीच्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं, खोटं कशाला बोलू!

आणि पांदण हरली! पहिल्या जोरदार पावसानंतर आम्ही मुद्दाम गेलो. जीप त्या चरांमधून म्हशीसारखी शांतपणे चालत गेली, पोटाला चिखलाचा ठिपका नाही. दिगू स्टिअरिंगवर हात आपटून ओरडत होता, "पाह्य बे, पाह्य! टेकली का? नाई टेकली!" येताना गावातल्या एका पुढाऱ्याची नवीकोरी गाडी रुतली होती, ती ओढून काढली. दिगूने त्याला रस्त्यांबद्दल असं काही व्याख्यान दिलं की तो आभार मानायलाही थांबला नाही. डांबरी रस्त्याला लागल्यावर त्या टायरांचा आवाज सुरू झाला. गट्टू डांबरावर गुणगुणतात, एकसुरी, घूं... तो आवाज लांबूनच यायचा आणि दुकानात बसल्या बसल्या मला कळायचं, दिगू आला.

जीप अंगणात नेऊन लावली तेव्हा वहिनी कौतुकाने बाहेर आल्या. सवयीने पाय उचलला, तो पत्र्याला अडखळला. पुन्हा उचलला. त्यांचे गुडघे आधीच दुखत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अन् मी कशी चढू?" आम्ही दोघं गाढवासारखे हसलो. सात इंच उंच केली, पांदणीचा विचार केला, बैलांचा केला, मडगार्डच्या कडेचा केला. ती जीप रोज जी बाई चालवते तिच्या गुडघ्यांचा विचार आठ दिवसांत एकदाही आमच्या डोक्यात आला नाही. मी तर वर शहाणपणा केला, दुसऱ्या दिवशी लाल रंगाचं एक स्टूल नेऊन दिलं, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'चालक' असं रंगवून. वहिनी त्या दिवशी हसल्या. स्टुलावरून चढायच्या, पण उतरलं की स्टूल कुठे आणि जीप कुठे! आठ-पंधरा दिवसांत त्यांनी जीप चालवणं सोडलं. बाजाराला बसने जाऊ लागल्या. आमच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल तर आम्ही ते बाजूला ठेवलं.

पोळ्याच्या सुमाराला दिगू दुकानी आला. "एक पायदान करून दे बे दोन्ही बाजूले. कुसुमले जमून नाई राह्यलं." तासाभराचं काम होतं. एक पाइप, दोन पट्ट्या, चार वेल्डिंग. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "पायदान लावलं का शाळेचा ऑटो दिसते ते! शोभा जाते सगळी." माझी गेटं वर्ध्यात लोक थांबून पाहतात, हा माझा माज. मी केलेल्या वस्तूला कोणी खालून पाइप लटकवावा हे मला सहनच होईना. तो म्हणाला, "बरं, तुह्या मनासारखं कर, पण कर." मी पाइप कापला, वाकवला, कोपऱ्यात उभा केला. 'दिवाळी झाली का लावतो' म्हटलं. त्याने आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नवा बहाणा दिला.

आता खरी गोष्ट. दसऱ्याला मी त्यांच्याकडे सोनं द्यायला गेलो तेव्हा वहिनी चहा देताना फणकाऱ्याने म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मित्राले सांगा. पायदान लावा म्हणून मी घसा कोरडा केला, तं हे म्हणते शोभा जाते. ह्याइले शोभा प्यारी, बायकोचे गुडघे गेले खड्ड्यात!" मी दिगूकडे पाहिलं. तो बशीत पाहत होता. शब्द माझे होते, आणि त्याने ते स्वतःचे म्हणून घरात सांगितले होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काऊन बे, माह्यं नाव काऊन नाई सांगतलं?" तर म्हणाला, "तुह्यं सांगतलं असतं तं तुले चहा भेटला असता का ह्या घरात? माह्यावर तं ते तशीबी चिडतेच." मी हसलो. त्याच्या पाठीवर थाप मारून, हसत हसत घरी गेलो.

दिवाळी झाली. वहिनींचा फोन आला त्या दिवशी गावचा बाजार होता, त्यामुळे कापूस वेचणाऱ्या बाया शेतात नव्हत्या. दोघंच होते, दिगू आणि वहिनी. दुपारी त्याने छाती धरली आणि म्हणाला, "कुसुम, दवाखान्यात ने." ने म्हणाला तो! चावी त्यांच्या हातात दिली. त्या चालवणार होत्या, त्यांना येत होतं, रस्ता कोरडा होता. स्टूल घरी. त्यांनी त्याला धरून उभं केलं, त्याने एक पाय टायरवर ठेवला, तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तो खालीच बसला, जीपच्या चाकाला टेकून. मग मला फोन, मग शेजारच्या शेताकडे हाका मारत धावणं... दोन माणसं येईपर्यंत अर्धा तास गेला. तो अर्धा तास मिळाला असता तर? डॉक्टरांना मी विचारलं नाही. हो म्हणाले असते तर काय करायचं, आणि नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता का?

तेव्हापासून तीन वाजले की मला तो आवाज येतो. घूं... वेल्डिंग बंद करून मी बाहेर जातो. रस्त्यावर कधी ट्रक असतो, कधी काहीच नसतं. एकदा तर मी चहावाल्याला हात करून दोन चहा सांगून बसलो. त्याने बिचाऱ्याने आणलेही. कुणी जिना करा, शिडी करा म्हणून आलं की मी दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो. तो वाकवलेला पाइप कोपऱ्यात आहे. मी त्याच्याकडे पाठ करून काम करतो, तरी पाठीला तो दिसतो.

आणि हेही सहन केलं असतं. पण तेरवी झाल्यावर एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर अंगणातून वहिनींचा आवाज येत होता. वाटलं, कोणी आलंय. त्या चहाचा कप घेऊन जीपसमोर उभ्या होत्या आणि भांडत होत्या. "शोभा पाहिजे होती ना तुमाले? घ्या आता शोभा! मी घसा कोरडा केला, तुमी ऐकलं का माह्यं?" मला पाहून पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "रोज बोलते मी ह्याइले. बोलल्याबिगर चहा नाई जात." मी चहा घेतला. तोच चहा, दिगूने माझ्यासाठी वाचवलेला. मेलेला माणूस माझ्या वाट्याच्या शिव्या खात होता आणि मी बिस्किट बुडवत होतो. असं मी चार वेळा केलं. चार वेळा ठरवून गेलो आणि चारही वेळा चहा पिऊन परत आलो.

मग हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं, छापायच्या आधी वहिनींना सांगायचं. नाहीतर कागद फाडायच्यासुद्धा लायकीचे नाही आपण. परवा सकाळी गेलो. वहिनी ओसरीवर तूर निवडत होत्या. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पोळ्यापासून, पाइप कापला इथपासून, दिगू तीनदा विचारायला आला होता इथपर्यंत. त्यांचा हात सुपात थांबला.

"म्हंजे ते तयार होते?"

"हौ वहिनी. शोभा मी म्हटली. त्यानं माह्यं पांघरून घेतलं."

मला वाटलं, आता सूप फेकून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मले बोला वहिनी. जे त्याले बोलता ते मले बोला."

त्यांनी वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "तुमाले काय बोलू? तुमी आहा जिते. तुमाले कवाबी बोलता येईन. पण महिनाभर त्याइले जे बोलली, ते आता कसं मागं घेऊ मी?"

मी वळलो, चपला घातल्या. अंगणात जीप उभी होती, तशीच, उंच. फाटकापर्यंत आलो तेव्हा मागे सूप खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यांची पावलं, गुडघ्यांमुळे अडखळणारी, जीपपर्यंत जाऊन थांबलेली. आवाज आला तो भांडणाचा नव्हता. हळू होता, विचारल्यासारखा.

"महिनाभर गुपचूप ऐकून घेतलं तुमी... एक डाव तं सांगाचं होतं ना मले?"

मग त्या गप्प झाल्या. फाटकाच्या कडीवर हात ठेवून मीही थांबलो, तो काय म्हणतो ते ऐकायला.