साचे धुतल्याची बातमी

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. न छापलेलं मात्र बातमीदाराजवळ साठत जातं. माझा बराचसा साठा पुढाऱ्यांचा आणि ठेकेदारांचा आहे, तो सांगताना मजा येते. अकोल्याच्या सील कारखान्याचे किस्से सांगताना येत नाही. तरी विषय निघालाच आहे, तर ऐका.

कारखाना म्हणजे जठारपेठेमागची पत्र्याची शेड. कापसाच्या गाठींना आणि मालडब्यांना लावायची शिशाची सीलं तिथे ओतायचे. शेठ भावाभावांच्या भांडणात अडकले आणि शेडला चार पावसाळे कुलूप राहिलं. मग एक दिवस त्यांनी जुन्या किसन मिस्त्रींना बोलावलं, कुलूप काढलं आणि म्हणाले, साचे साफ करा.

साचे ॲल्युमिनियमचे, आमच्याकडे त्याला 'जर्मन' म्हणतात. गळक्या पत्र्याखाली मिठाच्या पोत्यांशेजारी पडून ते पांढरेफटक झाले होते. कुलूप निघाल्याचं कळताच मी बातमीसाठी तिथे गेलो होतो. विचारलं, "मिस्त्री, यांना चुना कोणी फासला?"

"कोनी नाही फासला, भाऊ. लोखंड तांबडं सडते, जर्मन पांढरं सडते."

*

मदतीला हिवरखेडचा महादेव होता. बायको राखेनं भांडी घासते, हे त्याच्या डोक्यात. त्यानं कापसाच्या पऱ्हाटीची राख पाण्यात कालवली आणि एक साचा त्यात बुडवून जेवायला गेला. परत येतो तो पाणी फसफसतंय, साचा काळाठिक्कर, आत बारीक खड्डे!

मिस्त्री ओरडले नाहीत. साचा महादेवाच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "भगोन्याले भोक पडलं तं भाजी सांडते. याले पडलं तं घरं उपाशी राहतात."

त्यानंतर फक्त रॉकेल, मऊ ब्रश आणि बांबूची काडी. एका साच्याला अर्धा दिवस. महादेव म्हणायचा, "एवढ्या हळू तं मी लेकराचं नाक पुसत नाही."

*

ओतणाऱ्यानं आपल्या साच्याच्या पाठीवर खिळ्यानं नाव कोरायचं, अशी तिथली रीत होती. पांढरा थर निघाला तशी नावं दिसू लागली. मिस्त्री एकेक वाचायचे आणि तो माणूस आता कुठे आहे ते सांगायचे. एक स्टेशनावर पोती वाहतो, एक बडनेऱ्याच्या गिरणीत बदली कामगार आहे.

गुलाबच्या नावावर महादेव पॉलिश पेपर घासायला लागला. मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं. "पाठ राहू दे. पाठीतून सील निघत नाही."

गुलाब शिशाच्या धुरानं गेला, असं मी तेव्हा लिहिलं होतं. संपादकांनी त्याचं 'पोटाच्या विकाराने' केलं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्याहून जास्त काही केलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

*

कारखाना सुरू होतोय का, असं मी मिस्त्रींना विचारलं. ते हसले. "साचे कोनी उगाच धुते का, भाऊ?"

झालं! अमरावतीला आमच्या राजापेठेतल्या कचेरीत बसून मी बातमी लिहिली: सीलचा कारखाना पुन्हा सुरू होणार. संपादकांनी शेठचं म्हणणं विचारलं. मी ताडकन म्हणालो, "मालकाला काय विचारायचं? कामगाराचा शब्द पुरेसा आहे!" कचेरीत दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

*

तिसऱ्या दिवशी शेडच्या फाटकावर माणसं जमली. साच्यांच्या पाठीवरची सगळी नावं, गुलाब सोडून. बडनेऱ्याची बदलीची नोकरी सोडून श्यामराव बायको आणि ट्रंकेसकट आला होता. मिस्त्रींनी त्याचा साचा त्याच्या हातात दिला. श्यामरावानं प्रत्येक खाचेतून बोट फिरवलं आणि विचारलं, "भट्टी कधी पेटवता?"

*

भट्टीच्या आधी भंगारवाल्याची गाडी आली. पांढरा पडलेला माल तो घेत नव्हता, म्हणून शेठनी तो साफ करून घेतला होता.

मी शेठवर तुटून पडलो. गरिबांच्या आशेशी खेळता, लाज वाटत नाही का, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुरू करतो असं मी म्हटलं होतं? तुम्ही मला विचारलं तरी होतं?"

आयुष्यात मंत्र्यांना निरुत्तर केलेला माणूस मी. तिथे वही मिटून खिशात घातली.

मिस्त्रींनी एकेक साचा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला होता. भंगारवाल्यानं घण मारण्याआधी फडकी सोडून बाजूला टाकली. मिस्त्रींनी ती गोळा केली, घड्या घातल्या आणि घरी गेले.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन ओळींची दुरुस्ती छापली. तो अंक घेऊन मी अकोल्याला गेलो. शेडला पुन्हा कुलूप होतं. फाटकाशी ट्रंकेवर श्यामराव बसला होता, बायको बाजूला उभी.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. बातमी माझी होती, चूक माझी होती, कारखाना सुरू होणार नाही. त्यानं मान खाली घालून ऐकलं. मग सदऱ्याच्या आतून घडी घातलेला वर्तमानपत्राचा कागद काढला. माझीच पहिली बातमी. स्वतःच्या नावापलीकडे त्याला वाचता येत नव्हतं, पण बोट बरोबर मथळ्यावर होतं.

"साहेब, एवढं शेठले वाचून दाखवा ना," तो म्हणाला. "त्यायले अजून मालूम नसन."