जुईचा खांदा आणि माझा पवित्रा

माझ्या मुलीचा खांदा कपाटाचं दार ओढताना निखळतो. जुईचे सगळेच सांधे जन्मापासून सैल. अंगठा मागे वळून थेट मनगटाला टेकतो. (लहानपणी पाहुण्यांसमोर मीच तिला हे करायला लावायचो. वर टाळ्याही माझ्याच!)

पुढे दुखणं सुरू झालं. "मोबाइल कमी कर," असं बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांनी सांगितलं. "नाटकं बंद कर," असं मी म्हणालेलो. त्याचा राग मला अजून येतो, माझाच!

शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरबाईंनी नेमकं निदान केलं. "स्नायू हळूहळू बळकट करायचे. ताणायचं अजिबात नाही," असं कागदावर लिहून त्यांनी खाली दोन रेघा मारल्या.

रोज ठाणं कुठे गाठणार, म्हणून मी जुईला ठाकुर्लीतल्या एका व्यायाम-उपचार केंद्रात नेलं. तिथल्या सरांनी कागदाची घडीसुद्धा उघडली नाही. तिचा हात धरला आणि ओढला!

"वा, काय फ्लेक्सिबल आहेस! अजून थोडं..."

"सर, खांदा सुटतोय."

"थोडं दुखणारच. अजून..."

कट्ट! जुई पांढरीफटक पडली. ओठ दाबून तिने सवयीने खांदा जागेवर बसवला. चार दिवसांवर तिची कॉलेजची प्रॅक्टिकल होती. माझं डोकं फिरलं.

"कागद वाचलात?"

"काका, आमच्याकडे सगळ्यांना हाच सेट असतो."

"सगळ्यांना? म्हणजे प्लास्टरमधल्या माणसालाही पाय डोक्यावर घ्यायला लावाल!"

"काका, चिडताय कशाला? एकदम सोपं आहे. तुम्हीसुद्धा कराल."

"मी? हे बघा!" म्हणत मी तावातावाने पायाचे अंगठे धरायला वाकलो. अंगठे लांबच राहिले, मी गुडघ्यांपर्यंत पोचलो आणि कंबर तिथेच धरली!

वर येता येईना. पण राग ओसरला नव्हता. उरलेलं सगळं भांडण मी त्यांच्या बुटांशी केलं.

"लाज वाटत नाही?" बूट गप्प.

"बाबा, तुम्ही थांबा आता," जुई म्हणाली. (थांबलेलोच होतो!) ओढणीच्या झोळीत हात अडकवून ती सरांसमोर उभी राहिली. "सर, कागद मोठ्याने वाचा." त्यांनी वाचला. दोन रेघांपाशी आवाज बारीक झाला. "सॉरी," ते म्हणाले. "चुकलं माझं."

मी केलेल्या आरडाओरड्याने जे झालं नाही, ते तिच्या एका वाक्याने झालं.

तसाच वाकलेला मी रिक्षात चढलो. रिक्षावाल्याने विचारलं, "पेशंट कोण?" जुईने माझ्याकडे बोट केलं!

त्यानंतर मात्र आम्ही इमानदारीत ठाण्यालाच जायला लागलो. टॉवेलची गुंडाळी दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. बस, एवढंच. जुईने प्रॅक्टिकल डाव्या हाताने दिली आणि पासही झाली. महिन्याभरात कपाट ती एकटी उघडायला लागली.

बाईंनी एकदा मलाही तपासलं. मान, खांदे, कंबर, गुडघे. मग चष्मा काढून म्हणाल्या, "अहो, तुमचा एक तरी सांधा नीट हलतो का?"

"जबडा," जुई म्हणाली.

बाईंनी तसं केसपेपरवर लिहून घेतलं.