डाव्या स्टिअरिंगची गाडी

मी अमेरिकेला निघालो त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सकाळपासून गाडी धुवायला घेतली होती. बंबातलं गरम पाणी, सोड्याची पूड आणि पुसायला आईचं जुनं लुगडं. दहाच्या सुमारास ती लांबलचक गाडी तोंड रस्त्याकडं करून दारात उभी राहिली आणि अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आत जाऊन बसले. म्हणाले, "चल. विमानतळ काय लई लांब न्हाई. माळशेज उतारलं की झालं."

मी आदल्या दिवशीच आळेफाट्यावर सुमो ठरवून ठेवली होती. ते अण्णांना सांगायचं राहून गेलं, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो. राहून वगैरे काही गेलं नव्हतं, मी ते टाळलं होतं. शेवटी सगळी भावकी दारात जमलेली असताना मी म्हणालो, की ही गाडी घाटात बंद पडली तर माझं विमान चुकेल. अण्णांनी एकदा स्टिअरिंगवरून हात फिरवला. "बरं. फाट्यापातूर तरी बस." तेवढे दोन-तीन किलोमीटर मी त्यांच्या शेजारी बसलो. फाट्यावर माझ्या बॅगा सुमोत टाकताना तिचा ड्रायव्हर म्हणाला, "राव, ही गाडी म्युझियमला देऊन टाका." मी हसलो. अण्णा हाताच्या अंतरावर उभे होते आणि त्यांनी मला हसताना पाहिलं. नव्याण्णव सालची ही गोष्ट आहे.

तुम्हा गाववाल्यांपैकी जे आपल्या आळे गावातच राहिले त्यांना ती गाडी सांगायला नको. पण जे माझ्यासारखे लवकर उठून गेले त्यांच्यासाठी सांगतो. अण्णा घोडेगावला पंचायत समितीत जीपवर ड्रायव्हर होते. साहेबांना घेऊन डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जायचं आणि शनिवारी आळ्याला घरी यायचं, असं त्यांनी आयुष्यभर केलं. मी बारावीला असताना मुंबईत एका परदेशी साहेबाची मागं राहिलेली अमेरिकन गाडी त्यांनी उचलली. ती माझ्या जन्माच्या आधीची होती. पत्रा जाड, पुढची सीट सोफ्यासारखी अख्खी, आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला.

आपल्या रस्त्यावर डाव्या स्टिअरिंगची गोची अशी, की पुढं ट्रक असला तर ड्रायव्हरला ट्रकचा पार्श्वभाग सोडून काही दिसत नाही. समोरून कोण येतंय ते उजव्या बाजूला बसलेल्यालाच दिसतं. त्यानं "जा" म्हटलं तर गाडी बाहेर काढायची, "थांबा" म्हटलं तर गपगुमान मागं राहायचं. त्यामुळं अण्णा त्या सीटवर वाटेल त्याला बसू देत नसत. सुट्टीत मी असलो की मी, एरवी आई. लांबून बघणाऱ्याला वाटायचं आईच गाडी चालवतेय. नारायणगावच्या बाजारात बायका तिला विचारायच्या, "काकू, लायसन कवा काढलं?" आई पदर तोंडाला लावून हसायची. पण गाडीत बसली की तिची नजर रस्त्यावरून हलायची नाही. "अवं, थांबा, एस्टी येतीय... हां, जा आता, जा!" हे तिचं ओरडणं मला अजून ऐकू येतं.

लगीनसराईत गाडीला उसंत नसायची. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे आपल्याकडचा परण्या, निघायचा तो हिच्यातून. मागं नवरदेव आणि मांडीला मांडी लावून करवल्या. अण्णा टोपी-उपरण्याचा मान घ्यायचे, बाकी काही नाही. पाव्हणे चेष्टा करायचे, "अण्णा, गाडी उलटी आणली व्हय?" ते म्हणायचे, "गाडी सुलटीच हाय, पावणं. रस्ता उलटा हाय."

फोनवर त्यांनी मला अमेरिकेबद्दल पहिली गोष्ट विचारली ती हीच. "तिकडं समदी आपल्यावानीच डावीकडं बसत्यात का?" मी हो म्हटल्यावर त्यांना आपण बरोबर होतो याचा कोण आनंद झाला! मी मिशिगनमध्ये होतो. ती गाडी जिथं बनली असेल तो मुलूख माझ्या अपार्टमेंटपासून फार लांब नव्हता. मला त्याचं काही वाटलं नाही. मला लायसन्सची टेस्ट, क्रेडिट कार्ड, बर्फात घालायचे बूट आणि व्हिसाचं स्टेटस यांतून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. पहिल्यांदा डावीकडं बसून फ्रीवेवर गाडी घातली तेव्हा क्षणभर अण्णांच्या जागेवर बसल्यासारखं वाटलं, एवढंच. इथं पुढं जायला कुणाला विचारावं लागत नाही. वेगळी लेन असते, आरसे असतात. शेजारची सीट रिकामी असली तरी चालतं. हे मला तेव्हा फार आवडलं होतं, हेही कबूल करून टाकतो.

पाच वर्षांनी आई गेली. मी दहा दिवसांसाठी गेलो आणि परत आलो. त्यानंतर अण्णा गाडी गावातल्या गावात फिरवायचे, हायवेला काढायचे नाहीत. दोनेक वर्षांनी एका रविवारी फोनवर म्हणाले, "गाडी इकायची म्हणतो. तुझ्या त्या इंटरनेटवर टाक." जाहिरात त्यांनीच सांगितली आणि मी ती इंग्रजीत उतरवली. मी गुळगुळीत लिहायला बघत होतो, ते एकेक खोट लिहायला लावत होते. दुसरा गिअर सटकतो. मागचं डावं दार आतूनच उघडतं. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. मी सांगितलं, अशा गाडीला 'प्रोजेक्ट कार' म्हणतात, म्हणजे चालती, पण काम बाकी असलेली. "मंग तसंच लिही," म्हणाले. "पण चालती हाय हे वर लिही."

पुण्याच्या एका डेंटिस्टनं ती घेतली. न्यायला ट्रक पाठवतो म्हणाला. अण्णांनी साफ नाही सांगितलं. "चालती म्हणून लिवलंय नव्हं? मंग चालवत आणून दिऊ. जित्या माणसाला कोण तिरडीवर घालतं?" आणि मग त्यांनी मला फोन केला. आयुष्यात त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मागितलं.

"दोन दिस येऊन जा. पुण्यापातूर उजव्या बाजूला कोणतरी पायजे."

मी काय काय सांगितलं! ग्रीन कार्ड अडकलंय, आत्ता देश सोडला तर भानगड होईल. सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, मॅनेजर लीव्ह देणार नाही. यातलं अर्धं खरं होतं. वर मी चिडूनच म्हणालो, "अण्णा, दोन दिवसांसाठी कुणी अमेरिकेतून येतं का? बसवा की गावातलं कुणीही."

"कुनालाबी कसं बसवायचं? त्याच्या शब्दावर गाडी भाईर काढायची असती," ते म्हणाले. आणि मग, "बरं." तेच फाट्यावर जाताना म्हटलेलं 'बरं'.

महिन्याभरानं कळलं की गाडी पोचवली. एकट्यानं. सकाळी सातला आळ्यातून निघालेला सत्तरीला आलेला माणूस दुपारी तीनला पुण्यात पोचला. नारायणगाव, मंचर, खेडचा घाट, चाकण. कांद्याचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, जो पुढं येईल त्याच्या मागं त्याच्याच चालीनं. मागचे हॉर्न वाजवत आणि शिव्या देत पुढं जात होते. "येकदाबी कुनाला वव्हरटेक केलं न्हाई बघ," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. मला वाटलं गंमत सांगताहेत. मी हसलो. त्यांना आठ तास कुणाच्या शब्दाशिवाय चालवावं लागलं होतं आणि मी हसलो.

तीन वर्षांनी अण्णा गेले. दहाव्याला तो डेंटिस्ट पुण्याहून आला होता. भला माणूस. गाडीचं विचारलं तर ओशाळून म्हणाला, इंजिन खोललंय, पार्ट मिळत नाहीत, त्या दिवसानंतर ती काही चालली नाही. मग मला नीट न्याहाळत म्हणाला, "तुम्हीच का ते? मला तर तुम्हाला भेटल्यासारखंच वाटतं. दोनदा तारीख बदलली होती हो त्यांनी. मी म्हटलं माझा माणूस पाठवतो शेजारी बसायला, तर नको म्हणाले. म्हणे, 'पोरगं येतंय अमेरिकेतनं. त्येच बसंल.'"

मी तर त्यांना पहिल्याच फोनवर नाही म्हणालो होतो.

इकडच्या मराठी मंडळात कुणी ना कुणी विचारतंच, आता तुमचं घर कुठलं? मंडळी आंबरस वाढून घेता घेता आपापली उत्तरं देतात. मी वाटी पुढं करतो. मी येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना, मी येतोय असं परक्या माणसाला दोनदा ठासून सांगणारं कुणीतरी जिथं होतं, ते माझं घर होतं. आळ्यात आता घराला कुलूप आहे, आणि मी येतोय असं तिथं कुणी कुणाला सांगत नाही.