‘मीच भाजलंय’

ती घटना आठवली की आजही मला माझ्याच हस्ताक्षराची लाज वाटते.

एप्रिल महिना होता. हातखंब्याजवळच्या एका गावात आंब्याच्या बागेतला मांगर, म्हणजे राखणदाराची झोपडी, भर दुपारी जळून खाक झाला. आत झोपलेला म्हातारा राखणदार गेला. बागमालकाचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला, "शेजारच्या शेतकऱ्याशी माझा बांधावरून वाद आहे. सकाळी त्याच्या हातात पेटती चूड लोकांनी बघितलीय."

मी घाटावरचा. रत्नागिरीत येऊन जेमतेम चार महिने झालेले. शेतकऱ्याला आणून समोर बसवलं.

"तूच पेटवलंस?"

"व्हय सायब, मीच भाजलंय. आमी दरसाल भाजताव."

दरसाल! मला वाटलं, हा मला खिजवतोय. मी त्याच्या कानाखाली दिली. दारातला इथलाच शिपाई पुढे झाला, "साहेब, तो म्हणतोय ते..."

"तुला विचारलंय का?"

तो मागे सरला. जबाब मी स्वतः लिहिला, ‘होय, मी आग लावली.’ खाली अंगठा घेतला. दोन तासांत गुन्हा उघडकीस आला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण कोठडी मिळायला आणि जामीन अडवायला ती पुरली.

त्या वर्षी मी फौजदारी न्याय आणि लोकप्रशासन असा जोड पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला होता. बढतीला उपयोगी पडेल, एवढाच हेतू. रविवारी वर्ग भरायचे. पोलीस आणि महसूलवाले एकाच बाकावर. नोव्हेंबरात प्रत्येकानं आपल्या कामातलं एक प्रकरण मांडायचं होतं. मी हेच मांडलं. ‘दरसाल भाजताव’ची नक्कल केली, तेव्हा वर्ग हसला. शेजारच्या तलाठीबाई हसल्या नाहीत.

"साहेब, भाजावळ ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही."

"भाताची रोपं करायच्या आधी तेवढ्या तुकड्यावर शेण, पाला पसरतात आणि जमीन भाजतात. इथे घरोघरी भाजतात. तो तेच सांगत होता हो!"

मी बाईंना गाव आणि आगीची तारीख सांगितली. पुढच्या रविवारी बाईंनी नुकसानीच्या महसुली पंचनाम्याची प्रत आणून दिली. आग मांगराच्या आतून, चुलीच्या कोपऱ्यातून उठलेली. शेत आणि मांगर यांच्यामधलं सुकं गवत जसंच्या तसं उभं. हा कागद सात महिने आमच्या ठाण्यापलीकडच्या कचेरीत होता. मी कधी मागितलाच नाही.

त्याच दिवशी वरिष्ठांकडे गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. गेलो नाही. नऊ दिवस तो कागद कपाटात ठेवला. तो माणूस तेवढे नऊ दिवस आणखी तुरुंगात राहिला. दहाव्या दिवशी मी पुरवणी अहवाल दिला. तो सुटला. मला ताकीद मिळाली आणि पुढे पदवीही मिळाली.

माणसाच्या शब्दाचा अर्थ आधी त्यालाच विचारावा, हे मात्र कुठल्याच पेपरात आलं नाही. ते शिकायला मी दुसऱ्याचं एक भातपीक आणि सात महिने खर्च केले.

पुढच्या चैत्रात तो ठाण्यात आला. मी उठून उभा राहिलो. माफीचं वाक्य मनात कितीदा तरी जुळवून ठेवलं होतं. त्यानं दारातच चपला काढल्या आणि खाली बघत विचारलं,

"सायब, जमीन भाजायची हाय. भाजू?"