फ्रीजरमधलं नाणं
बीडच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मॅडमनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. इथं परमुलखात औषधांच्या कंपनीत माल उतरवताना बर्फाचं खोकं उघडलं आणि गार वाफ तोंडावर आली, की तो दुष्काळातला उन्हाळा आठवतो. सातवीत शाळा सोडलेला मी तिथं शिपाई होतो. नोकरी गेली असती तर ऊसतोडीचा कोयता ठरलेला. मॅडमनी पेशींवरच्या प्रयोगासाठी माणसाचं प्रथिन मागवलं होतं, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. फ्रीजरमध्ये ठेवलेली एवढीशी कुपी, आत गोठवलेला थेंब. एकदा वितळला की वाया. सोमवारी पाहिलं तर कुपीचं लेबल भिजून सुटलेलं. स्टोअरकीपर, साखर कारखान्याच्या संचालकाचा मेव्हणा, लगेच म्हणाला, "ह्यानंच बाहेर ठिवली आसंल. काढून टाका ह्याला." मॅडमनी फ्रीजरमधून एक ग्लास काढला. त्यात पाणी गोठवून वर रुपया ठेवायची त्यांची रीत होती; मधे बर्फ वितळला तर रुपया बुडतो. रुपया बर्फाच्या तळाशी गेला होता. "कुपी बाहेर राहिली, तर ग्लासातला बर्फ कसा वितळला? फ्रीजरच बंद होता. रविवारी किल्ली तुमच्याकडंच होती ना?" तो चाचरला, "लई उकडत होतं, मॅडम. फ्रीजरचा प्लग काढून तिथं कूलर लावलता." मी कूलर ओढत बाहेर नेला आणि त्यातलं पाणी त्याच्यादेखत फाटकाशी आलेल्या तहानलेल्या शेळ्यांपुढं ओतलं. "आता मी बसू कुठं बे?" "उन्हात बसा, सायेब!" त्याचा तो घामेजलेला चेहरा आठवला की अजून जीव थंड होतो. मॅडम, तुमच्या वाया गेलेल्या कुपीच्या बदली नवी कुपी मी एक दिवस स्वतः बर्फात घालून बीडला आणून देईन, आणि वाटेत वितळू देणार नाही.