दार सगळ्यात शेवटी

अरबी वाळवंटातल्या हेग्रा गावचा पाथरवट खलफू तीस वर्षं बड्या नबाती लोकांची थडगी डोंगरात कोरत होता. काम वरून खाली. दार सगळ्यात शेवटी. दाराच्या वर मयताच्या नावासोबत राजाचं बिरूद पाहिजेच: ‘प्रजेवर प्रेम करणारा’.

आपलं थडगं बघायला येणारा एक सेनापती रोज खालून ओरडे, “अरे, दारापर्यंत कधी येणार?”

“येतोय, सरकार. तोवर जिवाला जपा.”

सरकारांना कुठला धीर! बिरूद कोरून झालं आणि दार कोरायच्या आतच ते गेले. शेवटी त्यांना वाळूतच पुरलं, पाथरवटांच्या कबरींशेजारी.

त्या दिवशी बायको हगरू म्हणाली, “राजाचं प्रेम कोरून कोरून तुमचे हात झिजले. आपल्या वाट्याला कधी यायचं ते?”

“अगं, तेही वरूनच उतरतं. अजून सेनापतीपर्यंत पोचलं नाही, नि तू दार उघडून बसलीस!”